तलावातला गाळ काढायचा म्हणतात. पण किती, आणि कुठून?

धुऱ्यावरचा (रविवार, रात्री 10:12)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं फक्त वाचत बसतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

गाव पूर्व विदर्भातलं, साकोली आणि अर्जुनी मोरगावच्या मधल्या पट्ट्यातलं. नाव देत नाही. गावचे दोनतीन जण इथं येतात आणि निवडणूक तोंडावर आहे. गावाला एक मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजाराच्या (गावच्या जमीनदाराच्या) ताब्यातला. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जुने आंबे, मोह, खाली साधारण साठ एकर धान. त्यातले तीन एकर आमच्या बाबांचे. मी नागपूरला नोकरीला, पण रोवणीला आणि कापणीला जातोच.

मागच्या सप्टेंबरात पाऊस दडी मारून बसला आणि तलावानं पंधरा दिवसांतच हात वर केले. खालच्या बांध्यांना (धानाच्या वाफ्यांना) शेवटचं पाणी पोचलं नाही, धान पोचट झाला. तेव्हापासून गावात एकच गोष्ट: तलाव गाळानं भरला. सरपंच म्हणतात, एक ठेकेदार फुकटात खोदून द्यायला तयार आहे, चांगला पाच मीटर खोल. त्याला रस्त्याच्या कामासाठी मुरूम पाहिजे. वर पंचायतीच्या निधीतून पाळीवर पेव्हर ब्लॉक, बाकडे, दिवे. फलकावर लिहिणार ‘सौंदर्यीकरण’. पोरं खूश आहेत.

एक शेजारचे आजोबा तेवढे नाराज. ते पूर्वी तलावाचं पाणी सोडायचे. म्हणाले, “पोरा, तलाव ताटासारखा असते, त्याले लोटा करू नका.” का, म्हणून विचारलं तर “तुले नाई समजनार” म्हणाले आणि बिडी पेटवली.

बारा दिवसांनी ग्रामसभा आहे. मला खरंच समजून घ्यायचंय. कोणी अशा कामातून गेलंय का?

कर्वे_रोडवरून (रविवार, रात्री 10:31)

यात चर्चा करण्यासारखं काय आहे? खोल केला की जास्त पाणी. शिवाय उथळ पाण्याची वाफ जास्त होते. 1 हेक्टर जागा 1 मीटर खोल केली तर 10,000 घनमीटर, म्हणजे 1 कोटी लिटर पाणी वाढतं. फुकट होतंय तर घ्या करून!

मोहटोळी (रविवार, रात्री 10:40)

फुकट म्हणलं की मले पयले खिसा चाचपावा वाटते.

तुडुमकाका (सोमवार, सकाळी 6:05)

लघुसिंचनात 31 वर्षं काढून निवृत्त झालो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, थोडं नागपूर, या भागात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. त्यातले शेदोनशे मी पायी फिरलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आजोबांनी जे सांगितलं ते अभियांत्रिकीच्या पुस्तकात चार पानं खाईल. मालगुजारी तलावाला तुडुम असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाळीतून पाणी खाली बांध्यांकडे सोडायची दगडी मोरी. या मोरीचा उंबरठा ज्या उंचीवर आहे, त्याच्या वरचं पाणीच आपोआप शेतात जातं. खालचं जात नाही, ते पडून राहतं. तिथं पंप लावावा लागतो.

आता धरा की ठेकेदारानं उंबरठ्याच्या खाली पाच मीटरचा खड्डा केला. जून-जुलैचं पहिलं पाणी आधी कुठं जाणार? त्या खड्ड्यात. खड्डा भरल्यावर मग पाणी चढत चढत तुडुमापर्यंत येणार. भरपूर पावसाच्या वर्षी फरक कळणार नाही. पण ज्या वर्षी पाऊस कमी, म्हणजे ज्या वर्षासाठी तुम्ही हा खटाटोप करताय, त्याच वर्षी तुमच्या बाबांच्या बांधीला पूर्वीपेक्षा कमी पाणी मिळेल. कर्वे रोडवाल्यांचा 1 कोटी लिटरचा हिशेब बरोबर आहे, फक्त ते पाणी धानाच्या कामाचं नाही. वाफेचं म्हणाल तर तोही मुद्दा खोटा नाही.

दुसरं. तळाशी शेकडो वर्षं बसलेला चिकण थर असतो, तोच पाणी धरतो. तो फोडून मुरमापर्यंत गेलात की तलाव झिरपायला लागतो. खालच्या विहिरींना पाणी वाढलं म्हणून दोनचार जण तुम्हाला आशीर्वाद देतील, तेवढंच. तिसरं, पाळीच्या पायथ्याजवळ जेसीबी अजिबात लावू देऊ नका. माती सोयीची म्हणून तिथूनच उचलतात आणि मग पाळ सरकते.

याचा अर्थ गाळ काढू नका असा नाही! उंबरठ्याच्या वर जो गाळ साचलाय तो काढलाच पाहिजे, तेवढी साठवण खरी वाढते. पण त्याआधी दोन गोष्टी स्वतः जाऊन बघा आणि इथं सांगा. तुडुम गळतं का? आणि सलंग शाबूत आहे का?

कर्वे_रोडवरून (सोमवार, सकाळी 9:20)

काका, शब्द मागे घेतो. सलंग म्हणजे सांडवा ना?

तुडुमकाका (सोमवार, सकाळी 9:26)

हो. जास्तीचं पाणी जिथून सुरक्षित बाहेर जातं ती जागा.

लोणारचा_पाहुणा (सोमवार, दुपारी 12:15)

राजेहो, तुमच्याकडं तलाव तरी हायेत. आमच्या बुलढाण्यात एकच नामी तलाव, तोबी आकाशातून दगड पडून झाला, अन् त्याचं पानी खारं. 2020 च्या जूनमंदी गुलाबी झालं तवा पुऱ्या देशातून लोक पाह्याले आले. त्याच वर्षी रामसर यादीत नाव लागलं. पण गाळ काहाडा म्हनून कोनी म्हनत नाही, एवढं सुख हाय.

डोंगेवाला (सोमवार, दुपारी 2:48)

आम्ही ढिवर, मासे धरणारे. तिसऱ्या पिढीपासून मच्छीमार सोसायटीत. काकाचं तुडुमाचं पटलं. आता माशाचं ऐका.

तलाव ताटासारखा म्हणजे कडेला उथळ, मंग हळूहळू खोल. त्या उथळात देवधान (जंगली धान), कमळ, पोयणी, पाण्याखालचं गवत असते. मरळ तिथंच अंडी टाकते. तिची लाल लाल पिल्लं झुंडीनं फिरतात अन् नर-मादी राखण करतात. मागूर, शिंगूर, वाम, झिंगे, सगळ्यायले तीच जागा पाहिजे. तुम्ही कड उभी कापली का गवत गेलं, गवत गेलं का आमचे देशी मासे गेले. मंग राहतात रोहू, कतला, मृगळ. त्याईचं थांबल्या पाण्यात पैदास होत नाही. दरसाल बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) इकत आणा, सोडा, पकडा. जवळ पैसा असला तं मासा, नाही तं नाही. देशी माशाले बीज इकत घ्या लागत नाही.

सरकारी लोकायनं मधात गवत्या अन् सिप्रीनस मासे सोडाले लावले. गवत्या गवत खाऊन टाकते, सिप्रीनस चिखल उकरते. आमचे बुढे म्हणत होते नको, आम्हीच ऐकलं नाही. आता सारं खापर सरकारवर कशाले फोडू.

पण काकाची एक गोष्ट नाही पटली. मधात एक लहानसा खोल डोह पाहिजेच. मे महिन्यात सारं आटलं तं बी मासा जगला पाहिजे अन् गाई-म्हशीले घोटभर पाणी पाहिजे.

तुडुमकाका (सोमवार, सायंकाळी 5:10)

डोंगेवाले भाऊ, डोह मान्य. आहे तो डोह राखा, नवीन पाच मीटरचा हौद करू नका, एवढंच माझं म्हणणं. चिकण थर शाबूत ठेवून.

बेशरम_ग्रस्त (सोमवार, सायंकाळी 7:33)

माझा अनुभव सांगतो, म्हणजे काहींची तरी कंबर वाचेल. 2017 मध्ये ती ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली तेव्हा मी उत्साहानं नऊ टिपर गाळ बांधीत टाकला. माझी जमीन हलकी, बरड. गाळाचा फायदा झाला, खोटं बोलणार नाही, ओल जास्त टिकली. पण दोन गोष्टी झाल्या. एक, युरिया नेहमीइतकाच मारला आणि धान असा माजला की कापणीच्या आधी सगळा लोळला. दोन, गाळाबरोबर बेशरमाचे तुकडे आले. पुढच्या वर्षी धुऱ्यावर जांभळ्या फुलांची बाग! हे झाड कोणी तरी पाळीची माती धरून ठेवील म्हणून आणलं म्हणतात. कांडी तुटली की कांडीतून फुटतं, कापलं की दुप्पट येतं. उन्हाळ्यात तलाव आटल्यावर मुळासकट खणून, वाळवून जाळायचं, आणि पहिल्या पावसाच्या आत. दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

नाव मात्र ज्यानं ठेवलं त्याला नमस्कार.

मोहटोळी (सोमवार, सायंकाळी 7:41)

आमच्या गावात एका नेत्याले पोरं बेशरम म्हणतात. तोबी कापला का दुप्पट येते.

समुद्राकाठची (सोमवार, रात्री 9:02)

मी रत्नागिरीची, विदर्भ फक्त नकाशात पाहिलाय. पण डोंगेवाला यांचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण तेव्हा मासे अंड्यावर असतात. बंदी कोणी पाळत नाही अशी ओरड असते, तरी निदान कायदा आहे. तुमच्या तलावांत असं काही असतं का? पहिल्या पावसात आमच्याकडे वळगणीचे मासे ओहोळातून वर चढतात आणि लोक काठ्या घेऊन धावतात. पोटात गाबोळी भरलेली असते. खायला चविष्ट लागते आणि नंतर वाईट वाटतं.

डोंगेवाला (सोमवार, रात्री 9:55)

ताई, इथंबी तेच. पयला पूर आला का मासा सलंगावरून चढते अन् बांध्यायत घुसते. पूर्ण गाव टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन हजर. मच्छरदाणीत तं करंगळीएवढंबी सुटत नाही. आमच्या सोसायटीनं तीन वर्षांपासून ठरवलं, पावसाळ्यात दोन महिने जाळं नाही. आमचे लोक पाळतात. बाकीच्यायले सांगाले गेलं तं म्हणतात, “मासे का तुमच्या बापाचे?” खरं म्हणलं तं आहेत, पण तसं बोलता येत नाही.

लोणारचा_पाहुणा (सोमवार, रात्री 10:03)

विदर्भात समुद्र नाही असं कोन म्हनलं? आमच्या खारपानपट्ट्यात ये, ताई. अकोला-अमरावतीकडं पूर्णेच्या खोऱ्यात हापशाचं पानी तोंडात घेतलं का अरबी समुद्र आठवते.

समुद्राकाठची (सोमवार, रात्री 10:06)

हाहा. मासे मिळतात का पण त्यात?

निस्तारवाला (मंगळवार, सकाळी 8:30)

वकील आहे, ब्रह्मपुरीकडचा. सगळे खोलीवर बोलताहेत, पण तलाव कोणाचा आहे हे कोणीच विचारलं नाही.

विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात होता. 1950 चा कायदा झाला आणि 1951 मध्ये मालगुजाऱ्या गेल्या, तलाव शासनाकडे आले. (लोणारकर, तुमच्या वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणून ‘मालगुजारी तलाव’ हा शब्दच तुमच्याकडे नाही.) पुढे 100 हेक्टरपर्यंत सिंचनाचे बहुतेक तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. म्हणजे तुमची ग्रामपंचायत एखाद्या ठेकेदाराला परस्पर “ने बाबा मुरूम” म्हणू शकत नाही. मुरूम हे गौण खनिज आहे. त्याला महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन लागतं. शेतकऱ्यानं शेतात टाकायला नेलेला गाळ वेगळा आणि रस्त्यासाठी नेलेला मुरूम वेगळा. ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ इथं लागतो.

पण मालकी शासनाची म्हणून गावाचा हक्क संपला असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये एक पूर्ण प्रकरण केवळ विदर्भासाठी आहे. कलम 161 पासून निस्तारपत्रक, कलम 165 मध्ये वाजिब-उल-अर्ज. पाणी, चराई, लाकूडफाटा, मासे, वाटा, या गावाच्या वहिवाटी त्यात नोंदलेल्या असतात. तहसीलच्या अभिलेख कक्षातून तुमच्या गावच्या दोन्हींच्या नकला काढा. जुन्या मोडीसारख्या अक्षरात असतील, शाई उडालेली असेल, बाबू “सापडत नाही” म्हणेल. दुसऱ्यांदा जा. तलाव वनहक्काच्या क्षेत्रात येत असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(1)(घ) सुद्धा आहे, त्यात पाणवठ्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलाय.

शेवटचं, आणि हे लिहिताना मला माहीत आहे की कोणाला तरी झोंबणार: तलावाच्या पोटात कोणाची शेती आहे का?

धुऱ्यावरचा (मंगळवार, रात्री 11:20)

वकीलसाहेब, पोटात शेती आहे. दोनतीन जणांची. त्यातली एक आमच्या सख्ख्या काकांची.

शनिवारी गावाला जाऊन सगळं बघतो आणि लिहितो.

माहेरवाशीण (बुधवार, दुपारी 1:15)

तुम्ही सगळे पाणी, मासे, कायदा बोलता. मी पाळीबद्दल बोलते.

माझं माहेर लाखांदूरकडचं. आमच्या पाळीवर मातामाय आहे, चार दगड शेंदूर लावलेले, वर छत नाही काही नाही. शेजारी एक कोरीव दगड अर्धा जमिनीत, त्यावर घोडेस्वार आहे की काय ते झिजल्यामुळे कळत नाही. लहानपणी आम्ही पोरी भुजली शिरवायला (भुजलीची रोपं पाण्यात सोडायला) त्याच घाटावर जायचो. घाट म्हणजे काय, सहा पायऱ्या. पण प्रत्येक जातीच्या बायांची बसायची जागा ठरलेली होती. तेही सांगायला पाहिजे, सगळंच गोड नव्हतं.

चार वर्षांपूर्वी तिथं सौंदर्यीकरण झालं. पाळीवरचे तीन मोह कापले, कारण फुलं पडून फरशी घाण होते. पायऱ्यांवर सिमेंट. मातामायला टाईल्सचं देऊळ, आत बाजारातली नवी मूर्ती. जुने चार दगड कुठं गेले ते आजही कोणी सांगत नाही. कोरीव दगड मात्र मिळाला. बाकड्याचा पाया भरताना खाली घातलाय, एक कोपरा दिसतो. संध्याकाळी पोरं त्या बाकड्यावर बसून मोबाईल बघतात.

दिवे लागलेत हे खरं. रात्री बायांना पाळीवरून यायला आता भीती वाटत नाही, हेही तेवढंच खरं. म्हणून मी दिव्यांच्या विरोधात नाही. फरशीच्या आहे.

गुरुजी_निवृत्त (बुधवार, दुपारी 3:40)

ताई, वाचून वाईट वाटलं. धुऱ्यावरच्यांनी एक करावं. काम सुरू होण्याआधी पाळीवरच्या प्रत्येक दगडाचा, झाडाचा, पायरीचा फोटो काढावा आणि ग्रामसभेच्या ठरावाला यादी जोडावी. खर्च शून्य. आणि गाळात मूर्ती, नाणी, भांडी काही निघालं तर ते टिपरबरोबर जाऊ देऊ नये. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, 10 रुपयांच्या वर किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 10 रुपये तेव्हाचे, कायदा मात्र आजचा!

जंगलवाट (बुधवार, सायंकाळी 6:22)

इतका काथ्याकूट कशाला? मेंढा (लेखा) बघा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं एवढंसं गोंडांचं गाव, 2009 मध्ये 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतःच्या हातात घेतला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. सगळे निर्णय सर्वसहमतीनं. तुमच्या गावानं ठरवलं तर तलाव काय चीज आहे.

मोहटोळी (बुधवार, सायंकाळी 6:50)

बावा, मेंढ्याचं नाव काढलं का आमच्या गावातले लोक हात जोडतात अन् घरी जातात. तिथं अभ्यासगट चालले किती वर्षं, दारूचा प्रश्न बाया-माणसायनं बसून सोडवला, मंग जंगल आलं. आमच्याइथं सर्वसहमती फक्त मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकाले पैसे देताना होते. अन् त्याच्यातबी कोणतं नाटक आणाचं याच्यावर दोन पार्ट्या.

जंगलवाट (बुधवार, सायंकाळी 7:05)

म्हणून काय करायचंच नाही?

मोहटोळी (बुधवार, सायंकाळी 7:09)

कराचं ना. पण हा माणूस बारा दिवसांनी ग्रामसभेत उभा राहणार आहे, बारा वर्षांनी नाही. त्याले आज कामाचं सांगा.

सारसमित्र (बुधवार, रात्री 9:30)

गोंदियाचा आहे. आमच्याकडे सारस उरलेत ते हातावर मोजण्यासारखे. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेला देवधान-गवताचं घरटं करतात, बहुधा दोन अंडी. कडा उभ्या कापलेल्या तलावावर सारस उतरतच नाही. तुमच्या भागात आता नसेलही, पण काम जूनच्या आत संपवा. आणि सगळा तलाव एकाच वर्षी खरवडू नका, अर्धा यंदा, अर्धा पुढच्या वर्षी.

बेशरम_ग्रस्त (बुधवार, रात्री 10:15)

अवांतर: झिंगे आणि आंबाडीची भाजी कोणाला नीट जमते? बायको चंद्रपूरची, ती आंबाडी आधी उकळून पाणी फेकते. माझी आई फेकत नव्हती. घरात तलावापेक्षा मोठा वाद आहे.

माहेरवाशीण (बुधवार, रात्री 10:28)

फेकायचं. दात आंबतात. वरून थोडी कणी घाला, नाहीतर नुसता चोथा लागतो.

डोंगेवाला (बुधवार, रात्री 10:44)

नाही फेकाचं. झिंगे ताजे असले तं आंबटच पाहिजे.

धुऱ्यावरचा (रविवार, रात्री 8:50)

जाऊन आलो. काका, तुम्ही सांगितलं तसं तलाव पायी फिरलो, बाबा आणि ते बिडीवाले आजोबा सोबत. लिहायला बसलोय तर कुठून सुरू करू कळत नाही.

तुडुम गळतंय. थोडंथोडकं नाही, बोटाएवढी धार रात्रंदिवस. आत लाकडी दट्ट्या (मोरीचं बूच) कुजलाय. कुणीतरी पोत्याचा बोळा कोंबलाय, तेवढाच. आजोबा म्हणाले, ते पाणी सोडायचे तेव्हा दर दोनतीन वर्षांनी दट्ट्या बदलायचे. गाव त्यांना खंडीमागं धान द्यायचं. मग तलाव सरकारी झाला, पुढं कधीतरी धान द्यायचं बंद पडलं, आणि दट्ट्या कुणाचा हे कुणालाच ठाऊक राहिलं नाही.

दुसरं सलंग. त्याचे वरचे दोन थर दगड काढलेत. पडले नाहीत, काढलेत. शेजारीच नीट रचून ठेवलेत, त्यावर शेवाळही धरलंय. म्हणजे तलाव हातभर कमीच भरतो, दरवर्षी. आजोबांनी मला तिथून वर हात करून दाखवलं: पाणी पूर्वी कुठवर यायचं, आणि आज त्या जागी कोणाचा हरभरा उभा आहे. हरभरा आमच्या काकांचा आहे.

मी विचारलं, “आजोबा, तुम्ही आधी का नाही बोललात?” तर म्हणाले, “तुह्या काकानं माह्या पोरीच्या लग्नाले मदत केली होती.”

गाळ आहे. वरच्या अंगाला गुडघाभर असेल. पण मागच्या सप्टेंबरात आमचा धान गाळामुळे गेला असं आता मला वाटत नाही.

तुडुमकाका (रविवार, रात्री 9:15)

सलंग हातभर खाली म्हणजे तलावाचा सगळ्यात रुंद भाग गेला. ताटाचा काठ. तिथंच सर्वात जास्त पाणी मावतं. ठेकेदारानं पाच मीटर खोदलं असतं तरी ते परत आलं नसतं. पण दगड घाईनं परत बसवू नका, एवढ्या वर्षांत पाळ खचलेली असू शकते. आधी पाळीची उंची मोजून घ्या, विभागाच्या अभियंत्याला लेखी बोलवा.

निस्तारवाला (रविवार, रात्री 9:40)

2011 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं जगपालसिंग प्रकरणात निकाल दिला, तोही असाच तलावाच्या जागेवरच्या अतिक्रमणाचा होता. त्यानंतर त्याच वर्षी 12 जुलैला अशी अतिक्रमणं काढण्याबद्दल महाराष्ट्र शासनाचा निर्णय आला. कागद तुमच्या बाजूनं आहे. पण सख्खा काका आहे, तर पहिल्या दिवशी कागद काढू नका. आधी घरी जाऊन चहा घ्या.

धुऱ्यावरचा (रविवार, रात्री 9:52)

चहा घेतला. काकूनं दिला. काका बाहेर गेले होते, असं सांगितलं. चपला दारात होत्या.

कर्वे_रोडवरून (सोमवार, सकाळी 10:11)

मी सुरुवातीला काय लिहिलं होतं ते वाचून लाज वाटली. धागा मित्रांना पाठवलाय.

धुऱ्यावरचा (शुक्रवार, रात्री 11:35)

आज ग्रामसभा झाली. कोरम भरला, हेच पहिलं आश्चर्य. ढिवर मोहल्ल्यातल्या बाया जवळजवळ सगळ्या आल्या होत्या, डोंगेवाले भाऊ, तुमचं मच्छरदाणीचं त्यांना वाचून दाखवलं होतं.

मी तुडुमाच्या उंबरठ्याचं चित्र काढून नेलं होतं. निम्म्या लोकांना आधीच माहीत होतं! फक्त कुणी विचारलं नव्हतं. ठरलं ते असं: गाळ वरच्या अंगाचाच आणि उंबरठ्याच्या वरचाच, शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरनं न्यायचा, पाळीजवळ यंत्र नाही. मुरूम द्यायचा असेल तर तहसीलची परवानगी आणा, असं सरपंचांनीच ठेकेदाराला फोनवर सांगितलं. त्यानं “बघतो” म्हणून फोन ठेवला, आणि पुढं काही तो फोन आला नाही. पेव्हर ब्लॉक रद्द झाले नाहीत. पोरांनी धरून ठेवलं. मोह कापायचे नाहीत आणि जुने दगड हलवायचे नाहीत, एवढं ठरावात आलं, फोटोंची यादी जोडली. दिवे होणार.

सलंगाचा विषय मी काढला नाही. काढणार होतो. काका समोर बसले होते. आजोबांनीच काढला, उभे राहून, आणि नाव न घेता. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, “दगड मी नाही काढले, बापानं काढले होते, 84 साली.” म्हणजे माझ्या आजोबांनी! पाळ मोजायला अभियंता बोलवायचं ठरलं. हरभरा निघाल्यावर बघू, असं काका म्हणाले. बाबा आणि काका एकत्रच घरी गेले, पण बोलले नाहीत.

मोहटोळी (शुक्रवार, रात्री 11:48)

84 साली! तं आता धाग्याचं नाव बदल, ‘आमच्या आजोबानं तलाव फोडला’.

डोंगेवाला (शनिवार, सकाळी 5:50)

सारं झालं भाऊ, पण तुडुमाचा दट्ट्या कोण बदलवते ते ठरलं का?

धुऱ्यावरचा (शनिवार, सकाळी 7:02)

नाही ना. तेच राहिलं. जिल्हा परिषदेला अर्ज दिलाय, आणि सध्या पोत्याचा दुसरा बोळा कोंबलाय.

डोंगेवाला (शनिवार, सकाळी 7:10)

साजाचं लाकूड आहे माझ्याकडं, जुन्या डोंग्याचं. मे महिन्यात पाणी उतरलं का येतो. माप पाठव.